गुहेतल्या स्प्रिंगटेलची नवी प्रजाती कशी ठरते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुहेच्या ओल्या भिंतीवर दोन मिलिमीटरचा पांढरा जीव दिसतो आणि बऱ्याच वर्षांनी ‘नवी प्रजाती सापडली’ अशी बातमी येते. मधल्या काळात काय चालतं, याबद्दल विद्यार्थी, गुहांमध्ये उतरणारे हौशी आणि बातमी वाचून कुतूहल वाटलेले लोक साधारण तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत. काही प्रश्नांना एक ओळ पुरते, काहींना पुरत नाही.

स्प्रिंगटेल म्हणजे कीटकच ना?

सहा पाय दिसल्यावर कोणीही कीटकच म्हणेल, आणि बराच काळ शास्त्रज्ञही तसंच म्हणत. आता स्प्रिंगटेलचा हा गट, शास्त्रीय नाव कोलेम्बोला, कीटकांच्या शेजारी, पण वेगळा मांडतात. कीटकांचे जबडे डोक्याबाहेर असतात. स्प्रिंगटेलचे जबडे डोक्यातल्याच पोकळीत आत घेतलेले असतात. उदराचे खंड फक्त सहा. पंख यांच्या पूर्वजांनाही नव्हते. पहिल्या उदरखंडाखाली एक आखूड नळी असते, तिच्यातून पाणी शोषलं जातं. चौथ्या खंडाखाली दुफाटा काटा असतो. तो पोटाखाली दुमडून तिसऱ्या खंडावरच्या आकड्यात अडकवलेला असतो. आकडा सुटला की काटा खाली आपटतो आणि प्राणी उडतो. कुठं पडेल ते त्यालाही ठाऊक नसतं, पण शत्रूच्या तोंडातून सुटायला तेवढं पुरतं.

गट फार जुना आहे. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी इथल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात सापडलेल्या ऱ्हायनिएला प्रीकर्सर या जीवाश्माचं वर्णन हर्स्ट आणि मौलिक यांनी १९२६ मध्ये केलं. आज जगभरातून नऊ हजारांहून जास्त प्रजातींची नोंद झाली आहे. त्यातल्या बहुतेक माती आणि पालापाचोळ्यात राहणाऱ्या आहेत.

अंधाऱ्या गुहेत ते खातात काय?

बाहेरून आलेलं काहीही. पुराच्या पाण्याबरोबर वाहत आलेला काडीकचरा, छतातून खाली उतरलेली झाडांची मुळं, वटवाघळांची विष्ठा, मेलेले किडे आणि मुख्य म्हणजे या सगळ्यावर वाढणारी बुरशी आणि जिवाणू. हिरवी वनस्पती नाही म्हणजे अन्न नाही असं नव्हे, पण ते तुटपुंजं आणि विखुरलेलं असतं. म्हणून एकाच गुहेत विष्ठेच्या ढिगावर शेकडो स्प्रिंगटेल आणि दहा पावलांवर एकही नाही, असं चित्र नेहमी दिसतं.

गुहेत सापडला म्हणजे तो गुहेतलाच का?

नाही, आणि या प्रश्नावर थोडं थांबायला हवं.

गुहेत सापडणाऱ्या प्राण्यांची विभागणी एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे; एमिल राकोवित्सा यांनी १९०७ मध्ये ती नीट मांडून रुजवली. काही प्राणी केवळ गुहेतच जगतात आणि वाढतात. काही गुहेत पिढ्यान् पिढ्या राहतात, पण बाहेरच्या ओलसर मातीतही तितकेच सुखी असतात. काही चुकून पडलेले, वाहून आलेले किंवा बुटाला चिकटून आलेले असतात. स्प्रिंगटेलच्या बाबतीत दुसरा आणि तिसरा गट भलताच मोठा आहे.

फोल्सोमिया कँडिडाचं उदाहरण घ्या. व्हिक्टर विलेम यांनी तिचं वर्णन १९०२ मध्ये केलं, बेल्जियममधल्या गुहांतल्या स्प्रिंगटेलवर लिहिलेल्या लेखात. पांढरी, डोळे नसलेली, गुहेत मिळालेली: सगळी लक्षणं गुहावासी प्राण्याची. पुढं ती जगभरच्या मातीत आणि कुंड्यांत सापडत गेली. नराशिवाय माद्याच पिल्लं घालतात, त्यामुळे वाढवायला सोपी. आज मातीतल्या विषारी द्रव्यांची चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये ती ठरलेला प्राणी आहे, आणि त्या चाचणीला आंतरराष्ट्रीय मानकही आहे. तिची पहिली ओळख गुहेतली, पण गुहेशी बांधलेली ती कधीच नव्हती. ‘गुहेतून वर्णिलेली’ आणि ‘गुहेतच राहणारी’ हे दोन दावे वेगळे आहेत. दुसऱ्यासाठी आजूबाजूची माती, पालापाचोळा आणि डोंगरउतारावरच्या दगडांमधल्या फटीही तपासाव्या लागतात. बाहेर शोधलंच नाही आणि ‘फक्त गुहेत’ असं लिहून टाकलं, असे लेख कमी नाहीत.

पण आंधळा आणि पांढरा असेल तर?

तरीही पुरावा पुरत नाही. जमिनीत हातभर खाली राहणारे कितीतरी स्प्रिंगटेल आंधळे आणि पांढरे असतात. अंधार दोन्हीकडे सारखाच. फरक पडतो तो जागेमुळे. मातीच्या बारीक छिद्रांतून सरकायचं तर पाय आखूड, डोक्यावरच्या शृंगिका (मिशांसारखे अवयव) आखूड, उडीचा काटा लहान किंवा नाहीसाच झालेला बरा. गुहेत मोकळी जागा असते, म्हणून तिथं जुळवून घेतलेल्या प्रजातींचं शरीर मोठं, पाय लांब आणि शृंगिका बऱ्याचदा फारच लांब होतात. वास आणि ओलावा टिपणारे अवयव वाढतात, कारण डोळ्यांचं काम आता त्यांना करायचं असतं.

माझ्या मते सगळ्यात बोलकं लक्षण म्हणजे नखर, पायाच्या टोकाचं नख. बाहेरच्या प्रजातींचा नखर आखूड, जाड, दातेरी असतो आणि त्याच्याजवळ टोकाला फुगीर असा एक चिकट केस असतो. गुळगुळीत, कोरड्या पानावर चढायला तो लागतो. गुहेत वरपासून खालपर्यंत सगळं ओलं. तिथल्या प्रजातींमध्ये नखर लांब, सडपातळ होतो, दात कमी होतात आणि तो चिकट केस साधा, टोकदार होऊन जातो. ओल्या चिकणमातीवर आणि पाण्याच्या पातळ थरावर चालायला असा पाय बरा पडतो. अमेरिकेतल्या केनेथ क्रिस्तियान्सेन यांनी १९६०च्या दशकात यावर प्रयोग केले आणि गुहेशी जुळवून घेताना येणाऱ्या अशा लक्षणांसाठी १९६२ मध्ये ‘ट्रोग्लोमॉर्फी’ हा शब्द दिला. त्यातली मेख अशी, की हे बदल एकमेकांशी जवळचं नातं नसलेल्या प्रजातींमध्ये स्वतंत्रपणे होतात. त्यामुळे लांब नखराच्या दोन स्प्रिंगटेलना सख्खे मानायची घाई करू नये.

सगळ्यात खोल राहणारा स्प्रिंगटेल कोणता?

काळ्या समुद्राजवळ, पश्चिम कॉकेशसमधल्या क्रुबेरा गुहेत २०१० च्या मोहिमेत मिळालेला प्लुटोम्युरस ऑर्टोबालागानेन्सिस. तो १,९८० मीटर खोलीवर सापडला. त्याच मोहिमेतल्या आणखी तीन नव्या स्प्रिंगटेलसह त्याचं वर्णन २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. जमिनीवरच्या संधिपाद प्राण्यांपैकी इतक्या खोलवर तोवर कोणीच सापडलं नव्हतं.

सापडलेला जीव नवा आहे हे कळतं कसं?

गुहेत कळत नाही. ‘पाहताक्षणी ओळखलं, हा नवा’ असं मुलाखतींमध्ये वाचायला मिळतं. शंका तेव्हा येते, खात्री नाही. नवेपणा त्या प्राण्याच्या अंगावर लिहिलेला नसतो. आजवर वर्णन झालेल्या सगळ्या जवळच्या प्रजातींशी ताडून पाहिल्यावर जे उरतं ते नवं.

म्हणजे आधी कुळ आणि त्यातला जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) ठरवायचा. मग त्या जीनसमधल्या प्रत्येक प्रजातीचं मूळ वर्णन गाठायचं. ते १८९० चं जर्मन असू शकतं, १९३० चं फ्रेंच असू शकतं आणि ‘रंग पांढरा, डोळे नाहीत, लांबी दीड मिलिमीटर’ एवढ्यात संपलेलं असू शकतं. अशा वर्णनात निम्मा जीनस बसतो. तेव्हा मूळ नमुना जिथं ठेवला आहे त्या संग्रहालयाला पत्र लिहून तो मागवायचा किंवा जाऊन पाहायचा. हर्मान गिझिन यांच्यासारख्या कोलेम्बोला-अभ्यासकांनी तपासलेल्या स्लाइड्स जिनेव्हाच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहेत. युरोपातल्या गुहांवर काम करणाऱ्याची वाट कधी ना कधी तिथून जातेच. मूळ नमुना हरवला असेल किंवा स्लाइड काळी पडली असेल, तर त्याच मूळ ठिकाणी जाऊन पुन्हा नमुने गोळा करावे लागतात. नवी प्रजाती लिहायला बसलेला माणूस कित्येकदा आधी एका जुन्या प्रजातीचंच वर्णन नीट करून देतो, आणि हे काम बातमीत कधी येत नाही.

इतका लहान प्राणी पकडतात कसा?

ओल्या, अगदी बारीक ब्रशच्या टोकानं, किंवा तोंडानं हवा ओढून किडा नळीतून बाटलीत घेण्याच्या साधनानं. हे साधन विष्ठेच्या ढिगाजवळ तोंडानं वापरू नये. तिथल्या धुळीतली बुरशी फुप्फुसात जाते. साचलेल्या पाण्याच्या पृष्ठभागावर बरेच स्प्रिंगटेल तरंगत असतात, ते उचलणं सगळ्यात सोपं. चीजचा तुकडा किंवा कुजकं लाकूड आमिष म्हणून ठेवून काही दिवसांनी परत पाहायचं, हीही जुनी पद्धत आहे. विष्ठा किंवा पालापाचोळा नमुन्याला आणला तर तो जाळीवर ठेवून वरून दिव्याची ऊब देतात. कोरडं होऊ लागलं की प्राणी खाली सरकतात आणि नरसाळ्यातून अल्कोहोलमध्ये पडतात.

डीएनए काढायचा विचार असेल तर ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉल लागतं. पण त्यात प्राणी कडक आणि ठिसूळ होतो, केस झडतात. म्हणून शहाणे लोक काही नमुने वेगळ्या बाटलीत सौम्य अल्कोहोलमध्येही ठेवतात.

सूक्ष्मदर्शकाखाली नेमकं काय करतात?

इथं हातकसब लागतं. प्राणी तसाच ठेवला तर आतल्या चरबीमुळे काहीच नीट दिसत नाही. त्यामुळे तो आधी लॅक्टिक आम्लात किंवा तशाच द्रावणात ठेवून पारदर्शक करतात. मऊ भाग विरघळतो, कातडीचं रिकामं आवरण उरतं. मग काचपट्टीवर डिंक आणि क्लोरल हायड्रेट असलेल्या माध्यमाचा थेंब ठेवायचा, त्यात प्राणी सोडायचा आणि सुईनं वळवायचा: पाठ वर, पाय बाजूला पसरलेले. डोकं बऱ्याचदा वेगळं करून खालची बाजू वर ठेवतात, कारण ओठाच्या बुडाशी असलेले केस तिथूनच दिसतात. वर काच ठेवताना एक बुडबुडा आला की तो नेमका पाहायच्या अवयवावर जाऊन बसतो. मग स्लाइड उबेत काही दिवस किंवा आठवडे वाळवायची आणि कडा सीलबंद करायच्या. नाहीतर माध्यम ओलावा ओढतं किंवा त्यात स्फटिक धरतात.

एकच नमुना सगळं दाखवत नाही. एक पाठीवर, एक कुशीवर, एकाचे जबडे सोडवलेले, असे निरनिराळे मांडावे लागतात. मग ४०० ते १,००० पट वर्धन, फेज कॉन्ट्रास्ट किंवा तत्सम प्रकाशयोजना आणि चित्र काढण्यासाठी सूक्ष्मदर्शकाला जोडलेली आरशाची नळी. फोटो काढता येत असताना हातानं चित्र कशाला, असं विचारतात. फोटोत एकाच पातळीतल्या गोष्टी स्पष्ट येतात. चित्र काढणारा फोकस वर-खाली करत सगळ्या पातळ्या एका रेषेत आणतो.

ते केस मोजत बसतात, ते खरं का?

अगदी खरं. कोलेम्बोलाच्या वर्गीकरणाचा कणाच तो आहे.

शरीरावरच्या प्रत्येक केसाची जागा ठरलेली असते आणि ती जीनसनुसार, प्रजातीनुसार बदलते. कुठला केस लांब आणि जाड, कुठला आखूड, कुठला संवेदी, कुठला लांब, सुतासारखा बारीक आणि हवेच्या हालचालीनं थरथरणारा, हे सगळं खंडाखंडाच्या नकाशात मांडतात. प्रत्येक केसाला अक्षर आणि अंक दिलेला असतो. स्यूडोसिनेला या जीनसमध्ये ओठाच्या बुडाशी असलेल्या चार-पाच केसांची ओळ, त्यातला कोणता गुळगुळीत आणि कोणता पिसासारखा, एवढ्यावरून प्रजातींचे गट पडतात. ओनिकिउरिडी कुळात कातडीवर नेत्रिकेसारखी (साध्या, बारीक डोळ्यासारखी) दिसणारी, पण प्रत्यक्षात शत्रूला नकोसा वाटणारा द्रव सोडणारी छिद्रं असतात. त्यांची संख्या डोक्यापासून शेपटाकडे मोजत ‘३२/१३३/३३३५४’ अशा सूत्रात लिहितात. जाणकाराला हे सूत्र वाचूनच अर्धी ओळख पटते.

अडचण अशी, की खवले आणि केस गोळा करतानाच गळून पडतात. तेव्हा केस न मोजता ते जिथं रुजलेले होते ते खळगे मोजायचे. मोठ्या केसाचा खळगा मोठा, रुंद काठाचा, लहानाचा टिंबाएवढा. डावी आणि उजवी बाजू दोन्ही मोजायच्या, कारण एखाद्या नमुन्यात एका बाजूला एक केस जास्त असणं ही नुसती विकृती असते. तेवढ्यावर नवी प्रजाती उभी केली तर ती टिकत नाही.

पिल्लू आणि प्रौढ यात गोंधळ होत नाही?

होतो. स्प्रिंगटेलचं पिल्लू प्रौढासारखंच दिसतं, फक्त लहान असतं आणि केस कमी असतात. शिवाय ते प्रौढ झाल्यावरही आयुष्यभर कात टाकत राहतात, त्यामुळे ‘शेवटचा आकार’ असा काही नसतोच. पाचव्या उदरखंडाखालचं जननछिद्र पूर्ण विकसित आहे का, हे पाहून प्रौढत्व ठरवतात. काही प्रजातींमध्ये तर ऋतूनुसार किंवा प्रजननाच्या काळात एकाच प्राण्याचे केस, कातडी किंवा काटा बदलतो. पूर्वी अशा बदललेल्या रूपांना वेगळी नावं दिली गेली होती.

डीएनए पाहून दोन दिवसांत निकाल लागत नाही का?

डीएनए फार मदत करतो, निकाल देत नाही. प्राण्यांच्या बारकोडसाठी मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वापरतात. आता प्राण्याचं आवरण शाबूत ठेवून आतला डीएनए काढता येतो आणि उरलेल्या आवरणाचीच स्लाइड करता येते, ही मोठी सोय झाली आहे. बारकोडमुळे दोन गोष्टी उघड होतात: पिल्लू आणि प्रौढ, नर आणि मादी एकाच प्रजातीचे आहेत का, आणि बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या, पण वेगवेगळ्या गुहांत अडकून पडलेल्या गटांमध्ये आतून किती अंतर पडलं आहे.

हे अंतर स्प्रिंगटेलमध्ये अनेकदा चकित करण्याइतकं मोठं निघतं. पण किती अंतर म्हणजे वेगळी प्रजाती, याचा सगळीकडे लागू पडणारा आकडा नाही. शेजारच्या दोन गुहा हजारो वर्षं तुटलेल्या असतील तर जनुकात फरक दिसणारच. त्यातून प्रत्येक गुहेला एक प्रजाती वाटून द्यायची का, यावर या क्षेत्रात खरे मतभेद आहेत. माझा कल सावधपणाकडे आहे: जनुक आणि शरीर दोन्ही एकच गोष्ट सांगत असतील तेव्हाच नाव द्यावं. दुसरी अडचण व्यावहारिक. जुन्या प्रजातींच्या मूळ नमुन्यांतून डीएनए मिळत नाही. ते कित्येक दशकं डिंकात बुडालेले असतात. मग तुलना करायला शेवटी केसच उरतात.

किती नमुने लागतात?

नियमानं एक पुरतो. नमुने जास्त असले तर केसांच्या संख्येत किती चढ-उतार नेहमीचा हे कळतं. खोल गुहांतल्या दुर्मीळ प्रजातींच्या बाबतीत दोन-तीनवरच भागवावं लागतं आणि तसं लेखात स्पष्ट लिहावं.

होलोटाइप म्हणजे काय?

नाव ज्या एका नमुन्याला कायमचं बांधलेलं असतं तो. पुढं कोणी म्हणालं, की या नावाखाली दोन प्रजाती एकत्र झाल्या आहेत, तर होलोटाइप ज्या प्रजातीचा, नाव तिचं राहतं. बरोबरचे बाकीचे नमुने पॅराटाइप. १९९९ नंतर प्रसिद्ध झालेल्या प्रजातींसाठी प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार होलोटाइप (किंवा एकत्रितपणे नाव धारण करणारे नमुने) नेमका कोणता आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाईल, हे लेखात सांगणं बंधनकारक आहे. तो संशोधकाच्या टेबलाच्या खणात ठेवू नये. पॅराटाइप दोन-तीन संग्रहालयांत वाटून ठेवणं उत्तम; आग आणि पूर संग्रहालयांनाही लागतात.

लेखात काय काय लिहावं लागतं?

संहितेची किमान अट थोडकी आहे: प्रजाती नवी असल्याची स्पष्ट घोषणा, तिला इतरांपासून वेगळं करणारी लक्षणं शब्दांत, आणि होलोटाइप. नुसती सुंदर छायाचित्रं चालत नाहीत. व्यवहारात मात्र याहून बरंच अपेक्षित असतं, आणि त्यात दोन भागांची गल्लत नवोदित हमखास करतात. वर्णन म्हणजे प्राण्याचं डोक्यापासून शेपटापर्यंत सगळं: लांबी (शृंगिका सोडून), रंग, नेत्रिका, शृंगिकेच्या चार खंडांवरचे अवयव, जबडे, पाय, नखर, उडीच्या काट्याचे तीन भाग आणि केसांचे नकाशे. निदान म्हणजे त्यातली मोजकी लक्षणं, जी एकत्र दुसऱ्या कुठल्याच प्रजातीत नाहीत; गर्दीतल्या एकाच माणसाकडे बोट दाखवावं तसं. पाच पानांचं वर्णन आणि गुळमुळीत निदान असलेला लेख पुढच्या अभ्यासकाच्या काही कामाचा नसतो.

त्यानंतर जवळच्या प्रजातींशी तुलना, शक्य असेल तर ओळखतक्ता (एकेक लक्षण ताडत प्रजातीपर्यंत नेणारा), नावाचा अर्थ, आणि प्राणी कुठं मिळाला: गुहेच्या कोणत्या भागात, तोंडापासून किती आत, कशावर, किती तापमानाला. हा शेवटचा भाग अनेक लेखांत दोन ओळींत उरकलेला असतो. गुहेच्या प्राण्याबद्दल लिहिताना हा आळस मला अजिबात पटत नाही, कारण पुढं तिथली विष्ठा खणून नेली किंवा ओढा वळवला तर मूळ परिस्थिती कशी होती हे सांगणारा तेवढाच कागद असतो.

नाव कोण ठेवतं? स्वतःचं ठेवता येतं?

वर्णन लिहिणारे ठेवतात. नाव लॅटिन लिपीत, दोन शब्दांचं. दुसरा शब्द गुहेवरून, दिसण्यावरून, एखाद्या व्यक्तीवरून, कशावरूनही असू शकतो. फक्त त्या जीनसमध्ये तो आधी वापरलेला नसावा. पुरुषाच्या नावाला शेवटी बहुधा ‘आय’ हे अक्षर लागतं, स्त्रीच्या नावाला ‘ए’ आणि ‘ई’. स्वतःचं नाव द्यायला नियमात बंदी नाही, पण ते शिष्टाचारात बसत नाही. गुहेत उतरून नमुना आणून देणाऱ्याचं नाव देण्याची प्रथा मात्र चांगली आहे. सुंदर, पण चुकीचं नाव देऊ नये: प्लुटो या पाताळाच्या देवावरून नाव दिलेली प्रजाती पुढं कुंडीत सापडली की अवघडल्यासारखं होतं.

कुठं छापलं म्हणजे नाव अधिकृत होतं?

कागदावर रीतसर प्रकाशित होणाऱ्या नियतकालिकात, किंवा ऑनलाइन नियतकालिकात. ऑनलाइनची मुभा संहितेत २०१२ च्या दुरुस्तीनं आली, आणि तिला झूबँक या नोंदणीत आधी नोंद करण्याची अट आहे. प्रीप्रिंट, परिषदेतलं पोस्टर किंवा वर्तमानपत्रातली बातमी यांनी नाव अधिकृत होत नाही. म्हणून लेख छापून येईपर्यंत नाव कुठंही बोलू नये, समाजमाध्यमांवर तर मुळीच नाही.

एवढा वेळ का लागतो?

सगळ्या सजीवांचा मिळून अंदाज २०१२ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’त आला होता: नमुना गोळा होण्यापासून वर्णन छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षं. त्यातला बहुतेक काळ नमुना बाटलीत, कपाटात पडून असतो. कोलेम्बोला ओळखू शकणारे लोक जगात मोजकेच आहेत आणि त्यांच्याकडे बाटल्या रांगेत आहेत. प्रत्यक्ष काम महिन्यांचं असतं.

नंतर कळलं, की ही प्रजाती आधीच वर्णिलेली होती. मग?

जुनं नाव राहतं, नवं त्याचं समानार्थी म्हणून नोंदलं जातं. स्प्रिंगटेलमध्ये हे सतत चालतं. चांगल्या चित्रांसह केलेलं वर्णन तरीही वाया जात नाही. जुन्या, त्रोटक वर्णनापेक्षा लोक तेच उघडतात.

गुहेचं नेमकं ठिकाण जाहीर करावं का?

मूळ ठिकाण लिहावंच लागतं, नाहीतर पुन्हा तपासता येत नाही. पण अक्षांश-रेखांश शेवटच्या दशांशापर्यंत देण्याची सक्ती नाही. गुहा नाजूक असेल, वटवाघळांची वीण तिथं होत असेल, तर गुहेचं नाव आणि परिसर देऊन अचूक नोंद संग्रहालयाकडे ठेवतात. काही प्रजाती आजवर एकाच गुहेतून माहीत आहेत. तिथं एक खाण किंवा एक सांडपाण्याची वाहिनी पुरते.

आम्ही गुहेत जातो. असे जीव दिसले तर काय करावं?

आधी फोटो. जवळून, तिरप्या प्रकाशात, शेजारी मोजपट्टी ठेवून. तो कशावर होता आणि तोंडापासून किती आत, हे तिथल्या तिथं लिहून ठेवा. बाहेर आल्यावर आठवत नाही. परवानगीशिवाय नमुने उचलू नका. बऱ्याच देशांत गुहेतून काहीही न्यायला वनखातं किंवा तत्सम यंत्रणेची लेखी मंजुरी लागते, आणि ती नसेल तर पुढं लेखही छापता येत नाही. एका गुहेतून दुसरीत जाण्याआधी बूट आणि दोर धुऊन निर्जंतुक करा. वटवाघळांचा ‘व्हाइट-नोज’ हा बुरशीचा रोग अशा चिखलातूनही पसरू शकतो, आणि बुटाला लागून आलेला मातीतला स्प्रिंगटेल पुढच्या अभ्यासकाला विनाकारण चकवतो.

मग एखाद्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाला किंवा निसर्ग-इतिहास संग्रहालयाला फोटो आणि नोंदी पाठवा. त्यांनी नमुने मागितले आणि परवानगी मिळाली, तर थोडेच घ्या, प्रत्येक जागेची बाटली वेगळी ठेवा आणि चिठ्ठी बाटलीच्या आत टाका, पेन्सिलीनं लिहिलेली. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि ठिकाण न कळलेल्या नमुन्याचं वर्णन कोणी करत नाही.